आतला बांध

सकाळी नऊला मी पापणीचा केस उचलते.
माझा नव्हे, ओर्लांदचा, गेल्या वर्षी गळलेला,
काडीच्या टोकाला चिकटवलेला.
त्यावर एक मिलिमीटरचा जीव
या थाळीतून त्या थाळीत जातो,
फेरीबोटीत उभं राहिल्यासारखा डुलत.

ताळगावच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावर,
गप्प बसणं किती पिढ्या टिकतं
यावर माझी शिष्यवृत्ती चालते.

निळ्या दिव्याखाली हे कृमी हिरवे चमकायचे,
अंडं न् अंडं.
मग एका पिढीला आम्ही असे जीवाणू चारले
ज्यांच्या पोटात त्या हिरव्याचाच पाठ होता,
सुलटा आणि उलटा, एकमेकांना बिलगून.
विझले.
पोरं विझलेलीच निघाली,
पोरांची पोरंही,
ज्यांनी तो घास चाखलाच नव्हता.
(पिढी तीन दिवसांची.
सोमवारचं पिल्लू पुढच्या बुधवारी पणजोबा.)

आमच्या घरात एक नाव घेत नाहीत.
मला कुणी बजावलं नव्हतं.
तरी वारसांच्या अर्जावर, 'वडिलांची भावंडं' या रकान्यात,
मी तिघांची नावं लिहिली
आणि चौथ्या ओळीवर पेन आपसूक उचललं गेलं.

बाईंनी दोन वाण दिले होते.
एकात एक राखणदार जनुक मोडलेलं,
दुसऱ्यात दुसरं.
दोघेही धडधाकट, दोघांच्याही थाळ्या पोरांनी बुजबुजलेल्या.
मी संकर केला. वहीत लिहिलं:
दुहेरी, वीस अंशांवर ठीक.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सांताक्रूझकडे ट्रान्सफॉर्मर उडाला.
वीज आली, पण पेटी पंचवीसवर अडकून बसली.
दुरुस्तीवाला म्हणाला, फेस्त झाल्यावर येतो.

पाचव्या पिढीत दुहेरी वाण नुसता फिरत होता.
सडपातळ, देखणा, चपळ.
पोटात एकही अंडं नाही.
शेजारी एकेरी दोघे, त्याच उन्हाळ्यात, लेकुरवाळे.

ओर्लांद फ्लास्क विसळत होता.
त्याचे वडील दिवाडीला मानशीवर असायचे,
भरतीला दार पाडायचे, ओहोटीला उचलायचे.
'भायलो बांद फुटलो तर भितरलो आसा,' म्हणाला.
खेकड्यांनी बाहेरचा पोखरला, त्या वर्षी पीक आलं.
कुणी आतला कापून ट्रॅक्टर नेला, त्याही वर्षी आलं.
मग एकाच पावसाळ्यात दोन्ही गेले.
पुनवेला नदी खाजनात येऊन बसली.
कोरगूट लावलेलं, मीठ पचवणारं भात.
हिरवंगार उभं राहिलं म्हणे,
लोंब्या पोचट.

बाई म्हणाल्या, अपघाताला निष्कर्ष म्हणू नये.
पुन्हा लाव, मुद्दाम, पंचवीसवर.

म्हणून पुन्हा लावते आहे.
मी समजत होते, गप्प करणं म्हणजे दडपणं.
इथे ते अंड्यांची राखण करतं:
कुठून तरी घुसलेले, उड्या मारणारे तुकडे
पुढच्या पिढीत शिरू देत नाही.
पण राखणदाराला हिरवंही परकंच वाटतं.
कुणाला आत घ्यायचं हे त्याला कुणी शिकवलं,
वहीत असा रकाना नाही.

काल न मोडलेल्या वाणाच्या थाळीत,
सहाव्या पिढीत,
एक कृमी अर्धा हिरवा दिसला.
दिवा बंद करून पुन्हा लावला. होता.

रात्री बाबांना फोन केला.
पेटी दुरुस्त झाली, जेवले, सगळं सांगून झालं.
मग विचारलं, तुम्ही एकूण किती भावंडं?

पलीकडे पंखा फिरत राहिला.
मग ते म्हणाले,
'का?'