तळटीप सत्तेचाळीस

टोलीडोत मार्च. खिडकीबाहेर मळकं बर्फ.
व्हॅलरी शिमान्स्कीचा प्रबंध:
टीव्हीवरची कुस्ती, १९७८ ते ८६.
मार्गदर्शक विचारतात,
"हरणाऱ्याकडे कर्तेपण असतं का?"

ती टेप मागे नेते.
लाल चड्डीतला जाडसर माणूस
पुन्हा अस्मान बघतो.
पंच तीन मोजतो. लोक खूश.

हरायचे चाळीस डॉलर मिळत,
जिंकणाऱ्याचा घाम अंगाला लागे तो वेगळा.
घरी आल्यावर तो
गुडघ्यावर गोठलेले वाटाणे ठेवून
तिचा गृहपाठ तपासायचा.
बेरजा त्याच्याच चुकायच्या.

प्रबंधात तो माहितीदार क्रमांक नऊ.
नाव घालायचं नाही, असा नियम.

तळटीप सत्तेचाळीस:
पडताना हनुवटी छातीला टेकवावी.
संदर्भ: स्वयंपाकघर, रात्री उशिरा.