हूक कुठे आहे

दसरा होऊन गेलेला. रविवार, साडेसात.
वेळग्याच्या बंद खाणीत, तिसऱ्या बेंचवर
आम्ही नऊ जण, सहा गाड्या,
कागदात गुंडाळलेले पाव, डब्यात मिक्स भाजी,
आणि मधोमध ती.
नंबरप्लेटवर अजून हळदकुंकू.

किंमत रोहिदासने सांगितली नाही.
ती इनासने सांगितली, हळू आवाजात,
कुणाचं दुखणं सांगावं तशी.

मग तोच म्हणाला: हिचे कोपरे कुणी खाल्ले?
आधीची कशी होती,
मामलेदार कचेरीतल्या कपाटासारखी.
बॉनेटवरून नजर टाकली की कळायचं
चाक कुठे संपतं, दरी कुठे सुरू होते.
ही साबणाची वडी आहे रे,
आठ दिवस वापरलेली.

आवेलिना कुळ्याला जीप चालवते,
दूधसागरच्या वाटेवर, तेवीस वर्षं.
ती मागे जाऊन उभी राहिली.
स्टेपनी कुठे गेली?
पाठीला बांधलेल्या पोरासारखी असायची दारावर,
आता म्हणे पोटाखाली.
ओढ्यात टायर बसला
तर पाण्यात झोपणार कोण? माझा नवरा?

मंथन पर्येकर, वय बावीस, म्हणाला,
तुम्हाला गाडी नकोच आहे.
तुम्हाला तुमचं अठ्ठ्याण्णव साल हवंय.
कुणी उत्तर दिलं नाही.
तोंडात पाव होता.

मला विचारलं. माझं साखळीत गॅरेज.
मी बॉनेट उघडलं. इंजिनावर काळं प्लास्टिक,
काही घरांत नव्या सोफ्याचं
कधीच काढत नाहीत, तसं.
हात घालायला जागा नाही.
चांगली आहे, म्हटलं.
गिऱ्हाइकासमोर मी दुसरं काही म्हणत नाही.

रोहिदास उतरला तळ्याच्या कडेने,
गेल्या साली इनासची गाडी जिथे रुतली होती तिथूनच.
आम्ही सवयीने दोऱ्या काढल्या,
आवेलिनाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.
लाल चिखल. एक चाक हवेत.
गाडीने क्षणभर विचार केला,
इंजिनने नाही, आतल्या कशानेतरी,
आणि पलीकडे.
त्याच्या हातातला पावसुद्धा पडला नाही.

दोऱ्या घेऊन आम्ही तसेच उभे.
टाळी वाजवावी की नाही, कळेना.

गेल्या साली चार तास लागले होते.
त्या चार तासांत इनासने सांगितलं
की पोरगी लिस्बनला गेली,
आणि घरातला तिचा पलंग त्याने विकला.
रुतला नसता तर बोलला नसता.

रोहिदास परत आला. काच खाली.
हिला ओढायचा हूक कुठे आहे रे?
मी मोबाइलचा उजेड घेऊन आडवा झालो.
बंपरमध्ये एक टोपण, नखाने निघालं.
मागे आटे असलेलं भोक.
हूक डिकीत, पिशवीत, सीलबंद,
पण लोखंडाचा, जड, जुन्याच घडणीचा.
त्याने तो बराच वेळ हातात फिरवला.

मग मंथनला विचारलं,
हे सगळं बंद कसं करतात?
मंथनला स्क्रीनवर दहा मिनिटं लागली.
पाच इशारे आले. पाचही पुसले.

दुसऱ्या खेपेला तो तळ्याच्या मधोमध गेला
आणि बसला. एक्सलपर्यंत.
पहिला हसला इनास.

बाहेर काढायला पावणेदोन तास.
भाजी संपली, ऊन चढलं,
आवेलिना कोपरापर्यंत लाल.
रोहिदास त्या वेळात काय बोलला
ते मी इथे लिहीत नाही.
मंथनही मान खाली घालून ऐकत होता.

मतं आहेत तशीच आहेत.
इनास अजून वडीच म्हणतो.
मला कुणी विचारलं तर सांगतो,
हूक घट्ट बसतो.