जाड बोटांची माणसं

वॉल्डेमार फ्रीझनचे हात थरथरायला लागले
तेव्हा पास्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
का, तर माझी बोटं जाड आहेत.
पात्रता एवढीच.
वय बावन्न, गॅसच्या टँकरवर ड्रायव्हर,
आजवर वाजवला तो फक्त हॉर्न.

वॉल्डेमारनं बेस गिटार माझ्या गळ्यात अडकवली
आणि चार पावलं मागे सरला,
विकलेल्या गाईकडे बघावं तसा बघत.
"वरची जाडजूड, ती ई. मग ए, डी, जी.
बाकीचं हळूहळू कळतं.
मला एकतीस वर्षं झाली. कळतंय."

पहिल्या रविवारी मी जी वाजवला.
कागदावर जीच होता, देवाशप्पथ.
ब्रेंटनं त्याच्या गिटारीला
दुसऱ्या घरात चिमटा लावलाय,
लिहिलंय जी पण वाजतोय ए,
हे मला सांगणार कोण?
अख्खं चर्च वरच्या मजल्यावर स्तुती गात होतं
आणि मी दोन घरं खाली, तळघरात,
दार ठोठावत उभा.
ड्रमवरची जोरी, वय पंधरा,
काचेच्या आडून ओठ हलवत होती: ए! ए! ए!
मला वाटलं, मोठ्या माणसाला
काय हाक मारते ही पोर.

मग सस्कॅचवानचा हिवाळा. उणे चौतीस.
फोड आले, फुटले, पुन्हा आले,
स्टीअरिंगला चिकटून राहिले.
शेताशेतांवर टाक्या भरताना
मी तोंडानं मोजायचो, एक दोन तीन चार,
आणि नळीचं मीटर आपलं वेगळंच मोजायचं.
कुत्री दोघांवर भुंकायची.

रात्री तळघरात सराव, भट्टीच्या शेजारी.
वर स्वयंपाकघरात डेल्मा.
डेल्मा चर्चला येत नाही.
कोडीला मातीत ठेवलं त्यानंतर नाही.
मी विचारत नाही, ती सांगत नाही.
तिची जमीन ती माझं छत,
आमच्यामध्ये तेवढ्याच फळ्या.
अगदी खालचा एफ लागला
की वर कपाटातले पेले किणकिणतात.
मी एफ हळू वाजवायला शिकलो.
इतर काही शिकायच्या आधी.

फेब्रुवारीतली एक रात्र.
डीवरून जीवर जायचं, साधीच गोष्ट,
आणि दर वेळी मी पोचायचो
पाहुणे जेवून उठल्यावर.
वरून टाच आपटली. ठक.
मी तारांवर तळवा ठेवला. बंद कर म्हणतेय.
ठक.
केलं ना बंद.
ठक. ठक.
भट्टी धापा टाकत होती,
तिच्यामधून ऐकलं तेव्हा कळलं
की टाचा सारख्या अंतरावर पडतायत.
राग असा मोजून येत नाही.

लग्नाआधी ती दर शनिवारी नाचायची,
हॉलच्या कोपऱ्यातली फळी तिनंच मोडली होती.
कुठे ठेवून विसरलो होतो मी हे?

डी, डी, डी,
आणि तिची टाच पडली तिथेच जी.
पुन्हा. आणि पुन्हा. किती वेळ, माहीत नाही.
एफ आला, मी दाबला नाही.
पेले वाजले.
कुणी उठून सरकवले नाहीत.

रविवारी ती आली, असं मी म्हणणार नाही.
नाही आली.
ब्रेंटचा चिमटा मी आधीच बघून ठेवला होता.
तिसऱ्या बाकावर वॉल्डेमार,
हात मांड्यांखाली दाबून बसलेला,
नंतर कॉफीच्या रांगेत म्हणाला,
"आज तुझ्याकडे लक्षच गेलं नाही."
आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.
हात थरथरत होता, मी हललो नाही.

घरी बार्लीचं सूप.
तिनं वाढलं, बसली,
ब्रेड मोडता मोडता विचारलं,
"मधलं ते, जमलं?"
"एकदा हुकलं."
"कुठं?"
मी चमच्यानं टेबलावर वाजवून दाखवलं, कुठं.