चार खाचा

कॉलेज रोडच्या थेटरात, दुपारच्या खेळाला
आम्ही तिघी, आणि मागच्या रांगेत दोन पोरं, भांडलेली.
पडद्यावरच्या बायांचे केस उडत होते,
समुद्र येईपर्यंत उडतच राहिले.
बाराशे किलोमीटरात एकीलाही लघवीला लागली नाही,
हे इंटरव्हलला शमीम म्हणाली,
आणि पॉपकॉर्न नाकात जाईस्तोवर हसलो.

मग मंगळवारी,
मंगळवारीच, कारण शमीमला प्रेसची रजा तेव्हाच मिळाली,
कारण पद्माक्षीच्या सासूचं डायलिसिस सोमवार-गुरुवार,
आणि मला काय, कधीही चालतं (असं सगळ्यांनी ठरवलेलं),
मी फ्रिजवरच्या डब्यातून किल्ली उचलली.

सीट ह्यांच्या पायांच्या मापाची,
नऊ वर्षं त्याच खाचेत.
खालचा दांडा ओढला तर आधी एक रुपया निघाला,
मग एक बेदाणा, दगड झालेला,
मग कुरकुरत सरकली ती. चार खाचा पुढे.
आरसा खाली घेतला. मागे रस्ता होता म्हणायचा.

दिंडोरीच्या पंपावर पोरानं विचारलं,
देवीला ना, मावशी?
नाही म्हणाले असते, तर पुढे काय म्हणायचं
हे तिघींनाही ठाऊक नव्हतं.
हो रे, देवीला, शमीम म्हणाली,
आणि प्रसाद आणायचं कबूलसुद्धा केलं.

वणीच्या अलीकडे, छाटलेल्या बागांच्या कडेला
पद्माक्षीचा फोन वाजला.
बँकेत आहे, ती म्हणाली. रांग आहे.
तेवढ्यात शेळी ओरडली, अगदी कानाशी.
पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.
पद्माक्षी शेळीकडे बघत राहिली बराच वेळ.
हो, शेळी आहे, म्हणाली, आणि फोन बंद करून
पर्सच्या तळाशी, रुमालाखाली ठेवला.
मग म्हणाली, दे किल्ली.

तिचं लायसन्स अठ्ठ्याण्णवचं.
आजवर फक्त ओळख पटवायला वापरलेलं.

चढावर गाडी तीनदा बंद पडली.
मागे टोमॅटोची पिकअप, हॉर्नवर हॉर्न.
शमीम उतरली, ओढणी खोचली,
पिकअपच्या पुढ्यात तळहात धरून उभी राहिली
आणि म्हणाली, थांब. शिकतेय ती.
पिकअप थांबली.
चौथ्यांदा गाडी अशी सुटली
की शमीम रस्त्यावरच राहिली,
चपला हातात घेऊन धावत, शिव्या देत,
आणि पद्माक्षीला थांबवता येईना,
म्हणजे ब्रेक येत होता तिला. थांबवता येईना.

समुद्र काही आला नाही. चहा आला, जरा गोडच.
प्रसाद विसरलो, पेढे घेतले पंपावरच्या पोरासाठी.
साडेसातला नळाला पाणी येतं,
त्याआधी सगळ्या घरी.

सकाळी पार्किंगमधून आवाज आला,
गुडघा स्टिअरिंगवर आपटल्याचा,
मग माझ्या नावाचा.
मी कणीक मळत होते.
विसरले हो, असं सांगायचं ठरवलं होतं.
हात धुतले. खिडकीशी गेले.