अजून एकदा

साखर पेठ. एप्रिल. रात्री पावणेतीन.
छतावरची पांढरी डबी किंचाळत होती
आणि मागांना कान देऊन टाकलेले
भूमय्या मामंजी घोरत होते.

धूर नाही, वास नाही.
खाली बंद शेडात जनरेटर,
पंख्यासाठी मीच लावलेला.
हाका मारल्या नाहीत. खांदा हलवला.
"आग कुठाय?"
उत्तर देत बसले नाही, हात धरला.

रस्ता अजून तापलेला. डोकी मोजली:
पाच.
विड्यांचं बंडल वर राहिलं म्हणून ते वळले,
तर श्रावणी फाटकात आडवी.
बंबवाले मीटर घेऊन आत गेले,
उजाडेपर्यंत आम्ही सादुलांच्या ओट्यावर.

सकाळी त्यांनी डबी मागितली.
तळहातावर ठेवून बटण दाबलं.
"धोट्यागत धडधडतीय की गं,"
म्हणाले,
"अजून एकदा दाब."