कपाटाखालचा ग्रह

दिवसभर मी बिया मोजते.
ओल्या कागदाच्या गुंडाळीत तुरीचे शंभर दाणे,
सहाव्या दिवशी गुंडाळी उलगडायची:
उगवलेले इतके, वेडेवाकडे इतके, मेलेले इतके.
त्र्याऐंशी आले तर त्र्याऐंशीच लिहायचे.
साहेबांना नव्वद हवे असतात, तो भाग वेगळा.

शनिवारी रात्री मंठा चौफुलीपाशी,
बॅटरीच्या दुकानावरच्या खोलीत
मी तारे टाकते.

फासे दोन.
एक लुडोच्या डब्यातला, पिवळा पडलेला,
दुसरा पुण्याहून मागवलेला, निळा, काचेसारखा.
पहिली फेक ताऱ्याची. बेरीज सात,
म्हणजे तांबूस, मंद, राखेखालच्या विस्तवासारखा.
मग ग्रह किती? सहा.
मग एकेकाचा आकार, हवा, पाणी, माणसं, राजवट,
आणि कायदा किती कडक
हेही फाशांनाच विचारायचं.

खिडकीतून तारे दिसत नाहीत.
एमआयडीसीत रात्रभर लोखंड वितळतं,
आभाळाची एक कड कायम भट्टीच्या रंगाची.
तेव्हा आमचं आकाश वहीतच.

पहिला ग्रह नुसता गोटा. दुसरा वायूचा फुगा.
तिसऱ्यावर हवा बरी, पाणी मुबलक, माणूस एकही नाही.
"आधी एनए करून घ्या," अफसर म्हणाला,
"मग प्लॉट पाडू."

चौथ्यावर अडलो.
हवा नाव घेण्यापुरती.
पाणी शून्य.
माणसं नऊ,
म्हणजे एकावर नऊ शून्यं.

मी म्हटलं, हे चुकलं, परत टाकते,
नियमात तशी सोय आहे.
मुंजाजीनं फाशांवर पंजा ठेवला.
उन्हाळाभर टँकर चालवणारा पंजा,
जड, डिझेलचा वास असलेला.
"काहून परत? पडलं ते पडलं.
पाणी नाही म्हणून माणसं नाहीत,
असं कोण्या गावात पाह्यलं तू?"

मग वीस मिनिटं फासे गप्प.
शिवकांता म्हणाली, खाली बर्फ असेल,
सातशे फुटांवर, नशीब असेल तर.
अफसर म्हणाला, खाण असेल,
कंपनीच पाणी विकत असेल, पगारातून कापून.
मुंजाजी म्हणाला, तसं काहीच नसंल.
कोणीतरी दोन दिवसांसाठी आलं आन् राह्यलं.
मंग त्याची बहीण आली. मंग दवाखाना झाला,
शाळेत पाचवीची दुसरी तुकडी निघाली.
आता जातील कुठं?
रांगेत भांडतात, रांगेतच सोयरिकी जमवतात.

मी सगळं उतरवून घेतलं.
समासात, मग समासाच्या बाहेर.

राजवटीच्या रकान्यात फाशांनी दिलं: कोणतीच नाही.
"मग रांग कोण लावतं?" शिवकांतानं विचारलं.
मुंजाजी लाजला. खरंच लाजला.
"टँकरवाला," म्हणाला.

पाचवा पटकन आटोपला, काही आठवत नाही त्याचं.
सहाव्याच्या पाण्यासाठी फासे टाकले
तर निळा वहीवरून उडाला,
फरशीवर टणटणत गेला
आणि लोखंडी कपाटाखाली थांबला.
पिवळ्यावर चार.
झाडू शोधेपर्यंत मुंजाजीचा फोन वाजला,
भोकरदनकडचा फेरा लागला होता,
आणि तो उठल्यावर बाकीचेही उठले.

रविवारी मी मोबाईलचा उजेड धरून वाकले.
जाळ्यात, धुळीत, एक निळी कड.
ठिपके दिसत होते, दोन किंवा तीन,
उरलेले असतील तर अंधारात.
जरा अजून मान वाकवली असती तर कळलं असतं.

वहीत लिहिलं: चार अधिक,
आणि पुढे बोटभर जागा.

दुपारी मुंजाजीचा मेसेज आला,
कुठल्यातरी विहिरीच्या कडेवरून,
टाकी भरेपर्यंत काय करणार माणूस.
"सहाव्यावर पाणी किती पडलं?"

मी कळवलं,
अजून पडायचंय.