फळ्यावरचं 'नाही'

बावीस डिसेंबरला सकाळी फळ्यावर लिहिलं:
आज बोट सुटणार नाही.
तेवीसला फक्त तारीख बदलली.
चोवीसला तीही नाही,
कारण फळ्यापर्यंत जायचं म्हणजे आधी दाराशी कुस्ती.

रेडिओ सांगत होता, न्यूफाउंडलंडच्या ईशान्य किनाऱ्याला इशारा.
आम्ही म्हटलं, इशारा कसला, तो तर घरात येऊन बसलाय,
बूट न काढता.

फोन मात्र चालू.
"आज?"
"नाही."
"दुपारी तरी?"
"नाही."
"ड्रुसिला, तू नीट बघितलंस ना?"
जणू समुद्र माझ्या टेबलाच्या खणात आहे
आणि किल्ली मीच मुद्दाम हरवली आहे.

दुकानात पाव संपला, मग यीस्ट, मग मेणबत्त्या.
उरलं उन्हाळी पाहुण्यांसाठी मागवलेलं सनस्क्रीन,
निम्म्या किमतीत.
गार्लंडने एक बाटली घेतली.
म्हणाला, माणसाने आशा सोडू नये.

सेल्बी काकांची नवी कवळी पलीकडच्या काठावर,
पोस्टात, खाकी खोक्यात,
चार मैल पाण्यापलीकडे दात मिटून बसलेली.
जुनी त्यांनी उत्साहाच्या भरात फेकून दिली होती.
खारा मासा, बटाटे, सगळं कुस्करून चमच्याने खातात,
म्हणतात, माझा पहिला नाताळही असाच गेला,
फक्त तेव्हा लोक कौतुक करायचे.

वीज गेली चोवीसच्या संध्याकाळी, पाच वीसला.
एफीची टर्की ओव्हनमध्ये अर्धी शिजलेली.
अर्धी शिजलेली टर्की हा मोठा पेच:
ठेववत नाही, टाकवत नाही.
तिने ती दुलईत गुंडाळली, पोराच्या घसरगाडीवर बांधली
आणि ओढत निघाली
गल्लीतल्या एकुलत्या लाकडाच्या शेगडीकडे.
म्हणजे क्लॅरिसकडे,
जिच्या उंबऱ्याला ती अकरा वर्षं शिवली नव्हती.
(कारण विचारू नका. कुंपण, की कुत्रा. दोघी वेगवेगळं सांगतात.)

दार उघडलं. क्लॅरिसने आधी टर्कीकडे बघितलं.
"किती तास झाले?"
"दोन."
"अजून दोन लागतील. बूट झटक."
समेट वगैरे काही झाला नाही.
दुसऱ्या दिवशी मी गेले
तर ग्रेव्हीत पीठ किती, यावरून जुंपली होती.

माझी ऊना पलीकडे, मोटेलात.
तीन विमानं बदलून आल्बर्टाहून पोराला घेऊन आली
आणि शेवटच्या चार मैलांशी अडली.
सगळं गाव विचारतं, आज?
ती तेवढी विचारत नाही.
पोराने काय खाल्लं ते सांगते,
यंत्रातले चिप्स, आणि मोटेलवालीने दिलेला केक.
मग थांबते.
फोनमध्ये वारा ऐकू येतो,
तिच्याकडचा की माझ्याकडचा, कळत नाही.
मीही मग विचारते,
मोजे कोरडे आहेत का त्याचे?

पंचवीस, सव्वीस, सत्तावीस.
झाडाखालचा त्याचा ट्रॅक्टर मी दोनदा झटकला,
कागदासकट.

अठ्ठावीसला पहाटे शांततेनेच दचकून जागी झाले.
सहा वाजता हेडली कॅप्टनचा फोन: "निघतोय."
ओलं फडकं, गारठलेली बोटं.
तारीख बदलली
आणि शेवटचा शब्द तेवढा पुसला.
आज बोट सुटणार
मग बरंच लांब, एकटाच राहिलेला पूर्णविराम.

मधे तो 'नाही' पांढुरका दिसत होताच.
सहा दिवस मुरलेला खडू,
एका हातात कसा जाईल?
पण वाचायला होतं कोण?
मीसुद्धा तिकिटांची खिडकी उघडी टाकून पळाले.
अख्खं गाव धक्क्यावर,
सगळ्यांत पुढे सेल्बी काका,
तोंड घट्ट मिटून.